पाइपची तंबाखू : पान, पारख आणि वापर

दोन वर्षांपूर्वी कागल तालुक्यातील एका शेतकरी मेळाव्यात चर्चासत्र संपल्यावर एक वयस्कर शेतकरी मंचापाशी आले. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला पत्र्याचा चपटा डबा त्यांनी माझ्या हातात ठेवला. डबा पाइपच्या तंबाखूचा होता. परदेशात नोकरीला असलेल्या पुतण्याने आणलेला. "सायेब, चाळीस वर्सं तंबाखू लावतोय, पर पानाला असला वास कधी आला न्हाई. ह्यात काय घालत्यात, आन् आपल्या पानाची अशी हुईल का, तेवढं सांगा."

मेळाव्याच्या गर्दीत आबांना नीट उत्तर देता आले नाही. त्यांचे दोन्ही प्रश्न मात्र योग्य होते. डब्यावर इंग्रजीत पाच नावे छापलेली होती : व्हर्जिनिया, बर्ले, ओरिएंटल, लटाकिया आणि पेरिक. ही पाच नावे समजली की पाइपच्या तंबाखूची निवड कशी करावी हे निम्म्याहून अधिक समजते. आणि ही नावे समजून घेण्यात तंबाखू पिकविणारा शेतकरी शहरातल्या शौकिनाच्या पुढे असतो, कारण यातील बहुतेक फरक कारखान्यात नव्हे, तर शेतात आणि वाळवणीच्या जागी पडलेला असतो.

पान एकच, वाळवण निराळी

पाइपमध्ये भरली जाणारी सर्व तंबाखू निकोटियाना टबॅकम या एकाच वनस्पतीची असते. जाती निराळ्या आहेत, जमिनी निराळ्या आहेत, पण चव ठरविणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे तोडलेले पान किती वेळात आणि कशाच्या उष्णतेने वाळले ही होय. तोडल्यानंतरही पान काही दिवस जिवंत असते. त्यातील स्टार्चची साखर होते आणि पुढे ती साखर श्वसनात खर्च होऊन जाते. हा प्रवास ज्या टप्प्यावर थांबवाल तशी तंबाखू हाती येते. आपण गुऱ्हाळात रस किती आटवायचा हे जसे ठरवितो, तसाच हा प्रकार आहे.

व्हर्जिनिया तंबाखूत हा प्रवास साखरेच्या टप्प्यावर थांबविलेला असतो. खालून वर जसजशी पाने पक्व होतील तसतशी ती तोडून काठ्यांना बांधतात आणि बंद भट्टीत टांगतात. भट्टीच्या तळाशी लोखंडी नळ्यांतून उष्णता फिरविली जाते. धूर पानाला लागू देत नाहीत. सुरुवातीस सुमारे ३२ ते ३८ अंश सें. तापमान आणि भरपूर आर्द्रता ठेवून पान पिवळे करतात. या काळात स्टार्चची साखर होते. नंतर तापमान टप्प्याटप्प्याने वाढवीत ५५ अंशांच्या आसपास पानाचा पापुद्रा आणि ७० अंशांच्या आसपास मधली शीर वाळवितात. साधारण ५ ते ७ दिवसांत काम आटोपते. पान इतक्या लवकर वाळते की साखर खर्च व्हायला सवडच मिळत नाही. पान लिंबासारखे किंवा नारिंगी रंगाचे होते आणि चवीला गोडसर, वाळलेल्या गवताची आठवण करून देणारे लागते.

या पद्धतीची सुरुवात १८३९ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाली असे सांगतात. स्टीफन नावाचा एक गुलाम मालकाच्या भट्टीवर राखणीला होता. रात्री त्याला डुलकी लागली, विस्तव मंदावला. जाग आल्यावर त्याने घाईने लोहारकामाचा कोळसा आणून टाकला आणि त्या एकदम वाढलेल्या उष्णतेने पान कधी नव्हे इतके पिवळेधमक निघाले. ज्या रेताड, हलक्या जमिनींना कोणी विचारीत नव्हते त्यांना या पानामुळे किंमत आली. त्या किमतीतला वाटा स्टीफनला किती मिळाला हे वेगळे सांगायला नको.

बर्लेची गोष्ट उलट आहे. पांढऱ्या बर्लेची जात १८६४ साली ओहायो राज्यात एका शेताच्या रोपवाटिकेत आढळली. बी केंटकीहून आणलेले होते. रोपे फिकट, पिवळट दिसली म्हणून प्रथम ती रोगट वाटली. प्रत्यक्षात त्यांच्यात हरितद्रव्यच कमी होते. बर्लेचे संपूर्ण झाड बुंध्यातून कापून, काठीत ओवून, हवेशीर शेडमध्ये सहा-आठ आठवडे टांगतात. उष्णता देत नाहीत. एवढ्या सावकाश वाळणीत साखर जवळजवळ सगळी संपून जाते. पान तपकिरी, हलके आणि सच्छिद्र होते. चव सुक्या मेव्याच्या किंवा कोकोच्या अंगाची. स्पंजासारखे असल्याने हे पान वरून दिलेला पाक, अर्क, सुवास चटकन शोषून घेते. म्हणून गोड वासाच्या मिश्रणांत बर्ले हमखास असते.

ओरिएंटल म्हणजे तुर्कस्तान, ग्रीस, मॅसेडोनिया या भागातील उन्हात वाळविलेली तंबाखू. येथे आपल्या शेतकऱ्यांनी थोडे थांबून विचार करावा. जमीन खडकाळ, पाऊस बेताचा, नत्र जवळजवळ नाही, झाडे दाट लावलेली. अशा हलाखीत पान तळहाताएवढे किंवा त्याहूनही लहान राहते, पण सुवासिक तेल आणि राळ त्यात एकवटते. हीच जात भारी काळ्या जमिनीत लावून युरिया दिला तर पान मोठे होईल, वजन भरेल आणि सुवास हरवेल. उत्पादन आणि प्रत यांचे भांडण आपल्याला इतर पिकांतही ठाऊक आहे. या पिकात ते उघड दिसते. ही बारीक पाने एकेक करून सुईने दोऱ्यात ओवावी लागतात. मजुरी प्रचंड. म्हणून हे पीक घरच्या माणसांवर चालणारे राहिले.

लटाकिया ही वेगळी जात नव्हे. ओरिएंटल पानच प्रथम उन्हात वाळवून नंतर बंद खोलीत टांगतात आणि सुगंधी झाडाझुडपांच्या लाकडांचा धूर कित्येक आठवडे देतात. पान काळेभोर होते. वास चुलीवर धुरावलेल्या पदार्थासारखा. सिरियातील लटाकिया बंदरावरून हे नाव पडले, पण सिरियाची लटाकिया आता दुर्मिळ असून बाजारातील लटाकिया मुख्यतः सायप्रस बेटावरची असते.

पेरिकची कृती ऐकून लोणचे घालणाऱ्या कोणालाही हसू येईल. अमेरिकेत लुइझियाना राज्यातील सेंट जेम्स नावाच्या एका लहानशा परगण्यात ती होते. तेथील चॉक्टॉ आणि चिकसॉ या मूळ रहिवाशांची ही रीत पुढे गोऱ्या शेतकऱ्यांनी उचलली. अर्धवट वाळलेले पान ओलसर करून, शिरा काढून ओकच्या पिंपात ठासतात आणि वरून स्क्रूजॅकने दाब देतात. पानाचा स्वतःचाच रस सुटतो आणि हवेशिवाय आंबण्याची क्रिया सुरू होते. मधून मधून पीप उघडून पान हलवून पुन्हा दाबतात. वर्षभराने जे बाहेर येते ते काळे, आंबूस, मिरीसारखे तिखट असते. नुसती पेरिक सहसा कोणी ओढीत नाही. मिश्रणात ती थोडीशीच घालतात. आमटीत हिंग घालावा तशी.

पुष्कळ डब्यांवर कॅव्हेंडिश हा आणखी एक शब्द आढळतो. तीही जात नाही. व्हर्जिनिया किंवा बर्लेच्या पानाला गोड पाक देऊन, वाफवून, दाबून मुरविले की कॅव्हेंडिश तयार होते. आबांच्या 'ह्यात काय घालत्यात' या प्रश्नाचे उत्तर या ठिकाणी लागू पडते : व्हॅनिला, रम, चेरी, मध, कोको यांचे अर्क, आणि ओल टिकावी म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखी द्रव्ये. आबांच्या डब्यात मात्र यांपैकी फारसे काही नव्हते. तो वास बहुतांशी लटाकियाचा, म्हणजे धुराचा होता.

निवड कशी करावी

निवड करताना डबा नाकाशी नेऊन वास घेणे ही सर्वसाधारण चूक आहे. डब्याचा वास, शेजारच्या माणसाला येणारा वास आणि ओढणाऱ्याला लागणारी चव या तीन निराळ्या गोष्टी आहेत. व्हॅनिलाचा घमघमाट असलेली तंबाखू पेटल्यावर तोंडात अगदी सपक लागू शकते. खोलीतल्या इतरांना मात्र ती आवडते. उलट लटाकिया ओढणाऱ्याला गोड वाटते आणि घरातली मंडळी खिडक्या उघडतात. म्हणून प्रथम पानांची नावे वाचावीत.

गोडसर, साधी चव हवी असल्यास व्हर्जिनिया. मात्र तिच्यात साखर जास्त. घाईघाईने ओढली तर जीभ चुरचुरते. सौम्य, सावकाश जळणारी आणि सुरुवातीला चुका माफ करणारी तंबाखू हवी असल्यास बर्लेचे प्रमाण अधिक असलेले मिश्रण घ्यावे. व्हर्जिनिया व थोडी पेरिक हे जुन्या शौकिनांचे आवडते मिश्रण आहे आणि माझ्या मते पानाची खरी पारख त्यातच होते, कारण झाकून टाकायला वरचा सुवास नसतो. लटाकियाने सुरुवात करू नये.

बर्लेबद्दल एक सावधगिरी. चवीला सौम्य म्हणजे तलफेला सौम्य असे नव्हे. साखरेमुळे व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी राहतो. बर्लेचा धूर अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी धुरातील निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतूनच शोषले जाते, धूर गिळावा लागत नाही. विड्यात किंवा मळलेल्या तंबाखूत चुना घालतात त्याचे कारणही हेच. रिकाम्या पोटी पाइप ओढून घाम सुटला, मळमळले, उचकी लागली तर तो निकोटीनचा परिणाम समजून पाइप बाजूला ठेवावा.

पानाच्या नावानंतर काप पाहावा. बारीक धाग्यासारखा काप लवकर पेटतो, लवकर जळतो. पाने दाबून वडी करून तिचे पातळ काप केलेले असतील तर ते हाताने चोळून मोकळे करावे लागतात, पण जळतात सावकाश आणि थंड. नवख्याने बारीक काप घ्यावा. मग वडीकडे वळावे.

तिसरी गोष्ट ओल. तंबाखूच्या वखारीत पान हातात घेऊन ओल पाहणाऱ्यांना हे शिकवायला नको. चिमूटभर तंबाखू बोटांत दाबावी. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. पेटणार नाही आणि वाफेने जीभ भाजेल. चुरा झाला तर ओल कमी. ती तापट जळेल. दाबलेली चिमूट हळूहळू उमलली म्हणजे ओल योग्य.

भरणे आणि ओढणे

पाइप म्हणजे चिलमीची धाकटी बहीण असे समजून ओढू नये. चिलीम सरळ असते, ती मुठीतून जोराने ओढतात आणि धूर छातीत घेतात. पाइपचा धूर तोंडातच खेळवून सोडतात. तंबाखू तीन वेळा भरावी : प्रथम अगदी सैल, मग थोडी दाबून, शेवटी जरा घट्ट. न पेटविता हवा ओढून पाहावी. नळीतून ताक पिताना लागतो तेवढाच अडथळा लागला पाहिजे. काडीने एकदा सगळीकडून पेटवावी. तंबाखू फुगून वर येते, ती हलकेच दाबावी आणि पुन्हा पेटवावी. पुढे विझली तर विझू द्यावी, पुन्हा पेटवता येते. ती पेटती ठेवण्यासाठी भराभर ओढणाऱ्याला चव कधीच कळत नाही, कारण उष्णतेने सुवास उडून जातो आणि उरते ती फक्त आग. कुडचीच्या बाहेरून हाताला चटका बसू लागला की आपण घाई करीत आहोत हे ओळखावे. एकदा ओढलेला पाइप पुसून एक दिवस वाळू द्यावा.

पाइप बहुधा भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाजवळच्या गाठीचा करतात. ही लाकूडगाठ सहजी जळत नाही. पण शेतकऱ्यांना अधिक रस वाटावा असा पाइप मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाचा आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात वॉशिंग्टन या गावी हेन्री टिबी या डच सुताराने १८६९ च्या सुमारास तो लेथवर करायला घेतला आणि त्याचा कारखाना आजही चालू आहे. दाण्यासाठी मका सुधारता सुधारता कणसाचा दांडा बारीक होत गेला; तेव्हा मिसुरी विद्यापीठाने जाड दांड्याची जात खास या पाइपसाठी तयार केली. ज्याला आपण सरपण समजतो त्यासाठी वाण काढावा लागला, हे आम्हा पैदासकारांच्या वर्गात मी दरवर्षी सांगतो. हा पाइप स्वस्त असतो, ओल शोषून घेतो आणि पहिल्या दिवसापासून चांगला जळतो. नवख्यासाठी हाच बरा.

आपल्या पानाची होईल का?

आता आबांचा दुसरा प्रश्न. स्पष्टच सांगायचे तर कागल-निपाणी पट्ट्यातील बिडी तंबाखू पाइपला चालणार नाही. आपण भारी जमिनीत, झाडे अंतरावर लावून, शेंडा खुडून, बगलफुटी काढून पीक घेतो. निकोटीन मुळांत तयार होऊन पानांत चढते. शेंडा खुडला की मुळे वाढतात आणि मोजक्याच पानांत ते साठते. कडकपणा हाच आपल्या पानाचा गुण. कापलेली झाडे आपण जमिनीवर उन्हात वाळवितो, पानावर तपकिरी ठिपके धरले की व्यापारी खूश होतो. बिडीत चिमूटभर पान असते, तेथे हा कडकपणा शोभतो. पाइपच्या कुडचीत ते भरले तर दोन झुरक्यांत माणूस खाली बसेल.

मग व्हर्जिनिया लावावी काय? काही तरुण शेतकरी हा प्रश्न विचारतात. व्हर्जिनिया तंबाखूसाठी १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या तंबाखू मंडळाकडे नोंदणी लागते, भट्टी लागते, सरपण लागते आणि विक्री लिलावात होते. हे सारे आंध्र प्रदेशात आणि कर्नाटकात म्हैसूरच्या बाजूला उभे आहे. आपल्याकडे पाचपन्नास किलो पान पिकवून ते डब्यात घालणारा कोणी नाही. पुतण्याच्या डब्याची किंमत पाहून हिशेब मांडू नये. त्या किमतीत मिश्रण, मुरवणी, कर आणि नाव यांचा वाटा आहे. पानाचा वाटा त्यात थोडाच.

एक गोष्ट मात्र आपल्या बिडी तंबाखूलाही लागू पडते, ती म्हणजे जळण्याचा गुण. पालाश पुरेसे असेल तर पान निखारा धरते. क्लोराईड जास्त झाले तर पान ओलसर राहते, काळे पडते आणि विझते. म्हणून तंबाखूला म्युरेट ऑफ पोटॅश देऊ नये, सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे, आणि मचूळ विहिरीचे पाणी टाळावे. घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. वाळलेल्या पानाला पेटत्या उदबत्तीचे टोक टेकवावे, ज्योत लावू नये. निखारा पानात किती सेकंद पुढे सरकतो ते मोजावे. दोन शेतांतील पाने अशी ताडून पाहिली की खताचा फरक आपल्या डोळ्यांनी दिसतो. १९८१ साली निपाणीचे शेतकरी भावासाठी महामार्गावर बसले, तेव्हा तक्रारीचे एक मूळ हेच होते की पानाची प्रत ठरविणारा एकटा व्यापारी. उदबत्तीने भाव मिळत नाही हे खरे, पण आपले पान कसे आहे हे आपल्याला आधी माहीत असते.

प्रकृतीविषयी

पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निर्धोक, असा समज आहे. तो चुकीचा आहे. पाइप ओढणाऱ्यांत ओठ, जीभ, घसा व अन्ननलिका यांचा कर्करोग न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त आढळतो, फुप्फुसाचाही आढळतो. मिश्री किंवा तंबाखू तोंडात धरणाऱ्याने वर पाइपही ओढला तर त्याच जागेवर दुहेरी मारा होतो. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवावी. तंबाखू न ओढणाऱ्याने या लेखामुळे ती सुरू करू नये. शेतात दवाने ओली पाने हाताळतानाही निकोटीन कातडीतून अंगात जाते. पहाटे खुडणी करणाऱ्यांना ओकारी, गरगर होते ती यामुळेच. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालावेत किंवा दव उतरल्यावर कामाला लागावे.

साठवण

डबा एकदा उघडला की तंबाखू काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत काढून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. व्हर्जिनिया बंद बरणीत वर्षानुवर्षे मुरते आणि सुधारते. वरून सुवास दिलेली तंबाखू मात्र लवकर संपवावी. कोरडी पडल्यास बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड आत ठेवावी असा सल्ला सर्रास दिला जातो. विद्यार्थिदशेत प्रयोगशाळेतील नमुन्यावर मीही हा प्रयोग केला होता. चौथ्या दिवशी बरणीत पांढरी बुरशी होती आणि नमुना मार्गदर्शक प्राध्यापकांच्या समक्ष उकिरड्यावर गेला.

आबांच्या डब्यातील तंबाखू मी पाहिली तेव्हा ती अगदी कोरडी, बोटांत चुरा होणारी झाली होती. त्यांनी ती अजून ठेवली असेल तर एवढे करावे : तंबाखू पसरट भांड्यात मोकळी करावी, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले सुती फडके भांड्याच्या तोंडावर ताणून बांधावे, फडके तंबाखूला टेकू देऊ नये. दर दोन तासांनी हात घालून वरची तंबाखू खाली करावी. चिमूट दाबल्यावर हळूहळू उमलू लागली की फडके काढावे आणि तंबाखू बरणीत भरून दोन दिवस झाकण उघडू नये.